विशेष मुलासाठी खेळ शोधताना: पहिल्या फोनपासून पहिल्या स्पर्धेपर्यंत

मुलासाठी खेळ शोधायला बसलं की आपण आधी निदानाचं नाव टाइप करतो आणि पुढे ‘खेळ’ हा शब्द जोडतो. मीही तेच केलं आणि दोन वर्षं चुकीची दारं ठोठावत राहिले. मुलाला काय जमत नाही हे निदान सांगतं. खेळ निवडताना कामाला येतं ते त्याला काय आवडतं. माझ्या मुलाच्या फायलीत ऑटिझम होता, स्नायू सैल असल्याची नोंद होती, आवाजाचा त्रास होता. तो अर्धा-अर्धा तास भिंतीवर चेंडू मारत आणि झेलत बसतो, हे मात्र एकाही कागदावर नव्हतं. शेवटी उपयोगाला आलं ते तेवढंच.

ज्यांनी अजून एकही फोन केलेला नाही, किंवा दोन-चार नकार ऐकून फोन करणंच सोडून दिलंय, अशा पालकांसाठी हे लिहितेय.

१. आधी आठवडाभर नुसतं बघा

एक वही घ्या. मूल मोकळं असताना शरीराने काय करतं ते लिहा. उड्या मारतं, गोल फिरतं, उंचावर चढतं, वस्तू फेकतं, पाण्यातून बाहेर यायला तयार नसतं, काय असेल ते. किती मिनिटं टिकतं? दमल्यावर ते तुम्हाला कशावरून कळतं? शेजारी दुसरं मूल आलं तर खुलतं की बाजूला सरकतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं: सूचना त्याच्यापर्यंत कशी पोचते? बोलून, करून दाखवून, चित्रातून, की हात धरून?

या नोंदींतून खेळाकडे जाणारी वाट बऱ्याचदा आपोआप दिसते. सतत हालचाल हवी असणाऱ्या मुलाला पोहणं, ट्रॅम्पोलिन, सायकल मानवते. तीच कृती पुन्हा पुन्हा करण्यात रमणाऱ्याला पोहण्याच्या फेऱ्या किंवा धावणं कंटाळवाणं वाटत नाही. ज्या गोष्टीचा इतरांना वीट येतो तीच त्याची ताकद ठरते. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना वैयक्तिक खेळ सोपे जातात, कारण समोरच्या दहा जणांच्या मनात काय चाललंय ते ओळखावं लागत नाही. पण हा नियम नव्हे. फुटबॉलवर जीव असलेली अशी मुलंही मी पाहिली आहेत आणि ‘याला टीम गेम नको’ असं आधीच ठरवून टाकल्यामुळे ती मैदानाच्या कडेला बसलेलीही पाहिली आहेत.

२. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न बदला

‘हा खेळू शकेल का?’ असं विचारलं की सावध डॉक्टर ‘जपा’ म्हणणार. त्याऐवजी विचारा, ‘कोणत्या हालचाली टाळायच्या आणि काय दिसलं की लगेच थांबवायचं?’ उत्तर लिहून घ्या, कारण कोचला तेच हवं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ५ ते १७ वर्षांच्या अपंगत्व असलेल्या मुलांनीही दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी असं म्हटलं आहे, आणि तेवढी जमत नसेल तर थोडी तरी करावी, असंही. तेव्हा ‘खेळ नकोच’ हे उत्तर ऐकलं तर कारण विचारायला संकोचू नका.

काही गोष्टी मुद्दाम विचारायच्या असतात. डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काही मुलांत सैल असतो. अशा वेळी सूर मारणं, कोलांटउडी, बटरफ्लाय स्ट्रोक अशा मानेवर ताण आणणाऱ्या हालचालींआधी तपासणी हवी. मान दुखणं, चाल बदलणं, हातापायांतली ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यांतलं काहीही नव्याने दिसलं तर खेळ थांबवून थेट डॉक्टर गाठायचे. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयदोष असतो, म्हणून हृदयाचा जुना अहवाल हाताशी ठेवा.

फिट येत असल्या तरी बहुतेक खेळांचं दार बंद होत नाही. पाणी आणि उंची या दोन ठिकाणी मात्र फक्त त्याच मुलावर नजर ठेवणारा एक माणूस लागतो, सगळ्या बॅचवर नजर ठेवणारा जीवरक्षक पुरत नाही. टोपिरामेटसारख्या फिटवरच्या काही औषधांनी घाम कमी येतो, त्यामुळे उन्हातला सराव विचारून ठरवा. स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेला असणं) असलेल्या मुलांना लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता जास्त असते, म्हणजे फुगे आणि रबरी पट्ट्यासुद्धा तपासून घ्याव्या लागतात. व्हीलचेअरवर खेळणाऱ्याची त्वचा प्रत्येक सरावानंतर बघायची. जिथे स्पर्श कळत नाही तिथे जखम झालेली त्यालाही कळत नाही. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीत, म्हणजे स्नायू हळूहळू क्षीण होत जाणाऱ्या आजारात, ‘अजून थोडं, अजून थोडं’ हा कोचचा आवडता मंत्र स्नायूंचं नुकसान करू शकतो. तिथे किती पुरे, हे फिजिओथेरपिस्टनेच सांगायचं.

३. कोणती संस्था कुणासाठी, एवढं समजून घ्या

स्पेशल ऑलिम्पिक्स आणि पॅरालिम्पिक या एकच गोष्टी आहेत, असा सरसकट समज आहे. त्या वेगळ्या आहेत, आणि हा गोंधळ झाला की चुकीच्या ठिकाणी अर्ज करण्यात महिने जातात.

स्पेशल ऑलिम्पिक्स बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी आहे. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये शिकागोच्या सोल्जर फील्डवर तिचे पहिले खेळ झाले. तिथे स्पर्धेत उतरता येतं वयाच्या आठव्या वर्षापासून आणि वरची वयोमर्यादा नाही. त्याहून लहान, दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी धावणं, फेकणं, तोल सांभाळणं शिकवणारा वेगळा कार्यक्रम असतो. मला यातली आवडणारी गोष्ट म्हणजे गट पाडण्याची पद्धत. वय, लिंग आणि आजवरची कामगिरी बघून जवळपास सारखी क्षमता असलेली मुलं एकत्र ठेवतात, त्यामुळे शंभर मीटर सावकाश धावणाऱ्याचीही शर्यत खरी चुरशीची होते. ‘युनिफाइड’ प्रकारात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात खेळतात. भाऊ-बहीण एकत्र खेळू शकतील अशी जागा शोधत असाल तर हा शब्द लक्षात ठेवा.

पॅरालिम्पिकची वाट मुख्यतः शारीरिक अपंगत्व आणि दृष्टिदोष असलेल्यांची. १९४८ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी तिरंदाजीची स्पर्धा भरवली. तिथून १९६० मध्ये रोमला झालेल्या पहिल्या पॅरालिम्पिकपर्यंत हा प्रवास आला. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना इथे अ‍ॅथलेटिक्स, पोहणं, टेबल टेनिस अशा मोजक्याच खेळांत प्रवेश आहे. त्यांच्यासाठी ‘व्हर्टस’ ही आणखी एक आंतरराष्ट्रीय संघटना असून तिच्यात ऑटिझमसाठी स्वतंत्र गट आहे.

कर्णबधिरांचं जग या दोन्हींपेक्षा जुनं आहे. डेफलिम्पिक्सची सुरुवात १९२४ मध्ये पॅरिसला झाली. बऱ्या कानाची श्रवणहानी किमान ५५ डेसिबल असावी लागते आणि स्पर्धेदरम्यान श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं. शर्यत सुरू झाल्याची खूण दिव्याने देतात.

मग बुद्ध्यांक सर्वसाधारण असलेला ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), हालचालींच्या समन्वयाच्या अडचणी असलेली मुलं? ती बऱ्याचदा या सगळ्या चौकटींच्या मधल्या फटीत पडतात. त्यांच्यासाठी नेहमीची बॅच आणि समजूतदार कोच हीच खरी वाट. एरवीही पहिल्या वर्षी वर्गीकरण, प्रमाणपत्रं, पात्रता यांच्यामागे धावू नका. मूल मैदानावर आनंदाने जाऊ लागलं की तो विषय आपोआप येतो.

४. माहीत नसलेले खेळही यादीत घ्या

आपल्या डोक्यात धावणं, पोहणं आणि चेंडूचे चार-दोन खेळ असतात. काही खेळ मुळातच वेगळ्या शरीरासाठी घडवले गेलेत आणि ते कुणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत.

बोचिया बघा. एक पांढरा चेंडू टाकायचा आणि आपले सहा चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. सांगायला एवढंच, पण डावपेच बुद्धिबळासारखे. तीव्र सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेली मुलंही हा खेळतात. ज्यांचा हात चेंडू फेकू शकत नाही ती उतरती पन्हळ वापरतात आणि डोक्यावर बांधलेल्या काठीने चेंडू सोडतात. पन्हळ हलवणारा मदतनीस मैदानाकडे पाठ करून बसतो. त्याने वळून बघायचं नाही, सुचवायचं नाही. खेळाडू सांगेल तशी पन्हळ फिरवायची. ज्या मुलाच्या आयुष्यातले सगळे निर्णय दुसरेच घेतात, त्याला इथे हुकूम सोडायला मिळतो. एकदा तरी हा खेळ प्रत्यक्ष बघा.

गोलबॉल हा दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये तयार झालेला खेळ. दोन्ही बाजूंना तीन-तीन खेळाडू, चेंडूत घुंगरू, आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी. त्यामुळे थोडं दिसणारा आणि अजिबात न दिसणारा एका पातळीवर येतात. रेषा पायाला किंवा हाताला लागाव्यात म्हणून चिकटपट्टीखाली दोरी असते आणि प्रेक्षकांना गप्प बसावं लागतं. अंध फुटबॉलमध्ये चेंडूकडे जाणारा ‘वॉय’ (स्पॅनिशमध्ये ‘मी जातोय’) असं ओरडून आपली जागा कळवतो. गोलरक्षक डोळस असू शकतो.

ज्याला चालताना तोल जमत नाही अशा मुलाला फ्रेम रनिंग दाखवा: तीन चाकांची, पेडल नसलेली गाडी, छातीला आधार, बसायला खोगीर आणि पळायला आपलेच पाय. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला क्षमतेनुसार १ ते ४.५ गुण दिलेले असतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. म्हणजे जास्त अपंगत्व असलेला खेळाडू संघाला दयेपोटी घ्यावा लागत नाही, तो हवाच असतो.

५. कुठे विचारायचं

मोठमोठ्या क्रीडा संकुलांपासून सुरुवात करू नका. विशेष शाळेतले खेळाचे शिक्षक, तुमचे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, इतर पालकांचे गट, पुनर्वसन केंद्र: इथून मिळालेलं एक नाव संकेतस्थळावरच्या दहा नावांपेक्षा खात्रीचं. वर सांगितलेल्या संघटनांच्या राष्ट्रीय शाखा जवळच्या प्रशिक्षकांची माहिती देतात. शारीरिक शिक्षण किंवा फिजिओथेरपी शिकवणारी महाविद्यालयं हा एक दुर्लक्षित पर्याय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अनुभव हवा असतो आणि तुम्हाला जास्तीचे दोन हात.

६. पहिला फोन

फोनची सुरुवात निदानाने करू नका. लपवायचं नाही, फक्त क्रम बदलायचा. मी शेवटी जे बोलायला शिकले ते असं: ‘माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. चेंडू मारणं आणि झेलणं त्याला खूप आवडतं. करून दाखवलं तर पटकन शिकतो, लांबलचक बोललेलं त्याला कळत नाही. त्याला ऑटिझम आहे. सुरुवातीचे दिवस मी तिथेच थांबेन. रिकाम्या वेळी दहा मिनिटं आणू का?’ दहा मिनिटांना नाही म्हणणं अवघड असतं.

मग तुमचे प्रश्न. एका कोचमागे किती मुलं? हॉलमध्ये आवाज घुमतो का? स्वच्छतागृह किती लांब आहे, व्हीलचेअर आत जाते का? आणि एक प्रश्न मी कधीच विसरत नाही: रांगेत किती वेळ उभं राहावं लागतं? आमच्या बहुतेक बॅच खेळामुळे मोडल्या नाहीत, थांबण्यामुळे मोडल्या. वीस मुलांमागे एक जाळं असेल तर आपलं मूल एकोणीस वेळा थांबून एकदा खेळणार.

कोचला ‘विशेष मुलांचा अनुभव’ आहे की नाही, याला मी आता फारसं महत्त्व देत नाही. अनुभव आहे म्हणणाऱ्या एकाने माझ्या मुलाला महिनाभर नुसतं बाकावर बसवून ठेवलं होतं. त्याऐवजी विचारा, ‘एखाद्याला जमलं नाही तर तुम्ही काय करता?’ ‘पुन्हा पुन्हा करून घेतो’ म्हणणारा आणि ‘वेगळ्या पद्धतीने दाखवून बघतो’ म्हणणारा, या दोघांतला फरक तुम्हाला फोनवरच कळेल.

नकार सरळ येत नाहीत. ‘सध्या बॅच फुल आहे’, ‘थोडा मोठा होऊ दे’, ‘बाकीच्या पालकांचं कसं बघायचं हो’. एकदाच विचारा की नेमकी अडचण कोणती आणि ती आपण सोडवू शकतो का. उत्तर गोलगोल आलं तर पुढचा नंबर फिरवा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातलं कलम ३० अपंगत्व असलेल्या मुलांना खेळात, शाळेतल्या खेळाच्या तासातही, बरोबरीचा प्रवेश मिळावा असं सांगतं. शाळेशी बोलताना हे कलम जरूर पुढे करा. पण मन नसलेल्या कोचच्या हाती हक्काच्या जोरावर मूल सोपवून काही साधत नाही, असं माझं मत आहे.

७. एका पानाचा कागद

कोचसाठी एकच पान लिहा. त्यात वैद्यकीय इतिहास नको. मुलाला काय आवडतं, कशाने बिथरतं, बिथरण्याआधी काय दिसतं (आमचा कान चोळायला लागतो), शांत कशाने होतं, ‘नको’ कसं सांगतं, स्वच्छतागृहाला जायचंय हे कसं कळवतं, टाळायच्या हालचाली, आणीबाणीत कुणाला फोन करायचा. दुसरं पान लागलं तर काहीतरी काटा. दोन पानं कुणी वाचत नाही.

८. मुलाला नेण्याआधी तुम्ही जाऊन या

एकट्याने. एक पूर्ण बॅच बघा. कोच ओरडतो का, हरलेल्या मुलाशी काय बोलतो, मागे पडलेल्याकडे कोण जातं, एवढं बघितलं तरी पुरे. येताना फाटकाचा, हॉलचा, कोचच्या चेहऱ्याचा फोटो घ्या आणि ते चार-पाच दिवस मुलाला क्रमाने दाखवा.

याच भेटीत सुरक्षेचं विचारून घ्या. मुलाला स्वच्छतागृहात कोण नेतं? कपडे बदलायला कोण मदत करतं? कुणी मोठा माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटा असतो का? जे मूल बोलत नाही त्याला घडलेलं सांगताही येत नाही, म्हणून हे प्रश्न इथे जास्तच गरजेचे. चांगल्या जागी या प्रश्नांचा राग येत नाही. पोहण्याचा तलाव असेल तर कुंपण आणि दार बघा. ऑटिझम असलेल्या काही मुलांना पाण्याची ओढ असते आणि ती नकळत निसटतात. त्यांनी पाठीवर तरंगायला शिकणं हे कुठल्याही पदकाच्या आधी यायला हवं.

पहिल्या भेटीला मुलाला नेलं की रडायला लागायच्या आधी परत आणा. दहा मिनिटं ठरली असतील तर दहाच, अगदी मजेत असला तरी. आठवण चांगली राहिली की पुढच्या वेळी गाडीतून उतरवायला कष्ट पडत नाहीत.

९. खेळ मुलाकडे सरकवा

कोचच्या प्रशिक्षणात ‘स्टेप’ (स्पेस, टास्क, इक्विपमेंट, पीपल यांची इंग्रजी आद्याक्षरं) नावाची एक सोपी पद्धत शिकवतात. जागा, काम, साहित्य आणि माणसं या चारपैकी एक गोष्ट बदलायची आणि बघायचं. अंतर कमी करा. धावत्या चेंडूऐवजी स्टँडवर ठेवलेला चेंडू मारू द्या. चेंडू मोठा, हलका, गडद रंगाचा घ्या. वेग झेपत नसेल तर फुगाही चालतो. जोडीदार बदला. चारही एकदम बदलू नका, नाहीतर कशामुळे जमलं ते कळणार नाही.

‘मग तो खरा खेळ कसा?’ असं एका कोचने मला विचारलं होतं. व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे नियमानेच चालतात. दृष्टिहीन जलतरणपटूला भिंत जवळ आल्याची सूचना काठावरचा माणूस मऊ टोकाच्या काठीने स्पर्श करून देतो. हे बदल जगातल्या सर्वोच्च स्पर्धांत होतात, तर सकाळच्या बॅचमध्ये व्हायला काय हरकत आहे?

माझ्या मुलाला जागा सापडली ती टेबल टेनिसच्या टेबलापाशी. टेबलाचा अर्धा भाग उभा दुमडला की समोर भिंत तयार होते. त्या सरांनी काही न बोलता टेबल दुमडलं, त्याच्या हातात बॅट दिली आणि दूर जाऊन उभे राहिले. पहिले दोन महिने तो त्या भिंतीशीच खेळला. मग सरांनी एक दिवस टेबल उघडलं आणि भिंतीच्या जागी स्वतः उभे राहिले.

१०. पहिले तीन महिने आणि पहिली स्पर्धा

या काळात एकच गोष्ट मोजा: तो जातो की नाही. कौशल्य मागेपुढे होईल. आजारपण, सुट्टी, कोच बदलणं यानंतर सगळं विसरल्यासारखं वाटेल. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत परत येतं. सरावाच्या दिवशी झोप उडत असेल, नखं कुरतडणं किंवा स्वतःला मारणं वाढलं असेल, किंवा कोचचं नाव काढल्यावर मूल दचकत असेल, तर तीन महिने वाट बघू नका.

स्पर्धेला आधी प्रेक्षक म्हणून न्या. शिट्ट्या, टाळ्या, माइक, गर्दी यांची सवय व्हायला एक फेरी जाते. गरज असेल तर कानांवर आवाज अडवणारे हेडफोन, आणि दमला की जाऊन बसायला एक शांत कोपरा आधीच हेरून ठेवा. सुरुवात कशी होते याचा सराव सगळे करतात, शेवटाचा कुणी करत नाही. आमचा पहिला सामना संपला तेव्हा समोरचा मुलगा पाणी प्यायला निघून गेला होता आणि आमचा सर्व्हिस करतच होता, कारण भिंत कधी खेळ संपवून जात नाही. तेव्हापासून शेवटचा गुण झाला की बॅट पिशवीत टाकायची, हेही आम्ही सरावातच करून घेतो.